इंदूवहिनी शांत नव्हती

"शांत, सोशिक, मायाळू अशी ही माऊली आज आपल्यातून निघून गेली..." लाऊडस्पीकरवरचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. घोडनदीच्या काठी, पुलाखालच्या घाटावर वहिनीचा दहावा होता. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माईक काही मोकळा राहत नाही. आजी-माजी सगळे पुढारी पांढऱ्या कपड्यांत ओळीनं उभे राहतात, गेलेलं माणूस कोण होतं ते शेजारच्याकडून हळूच विचारून घेतात आणि त्याच्यावर पाच मिनिटं बोलतात. त्या दिवशी बोलणाऱ्यांनी वहिनीला फार तर एकदा पाहिलं असेल, तेही स्वतःच्या जीपचा क्लच गेला म्हणून. "शांत" म्हणाले तेव्हा मी ऐकून घेतलं. "सोशिक" म्हणाले तेव्हा पदराचं टोक मुठीत आवळलं. "कधी कुणाला उलटून बोलली नाही," असं ते म्हणाले आणि मी उठले. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पायऱ्या चढून वर रस्त्याला आले. सगळ्यांना वाटलं, सुमनला रडू आवरेना. रडू येत नव्हतं, राग येत होता. तिथून मी कुठे गेले ते पुढे सांगेन. आधी ही बाई कोण होती ते सांगते, कारण त्या माईकवरून ते कुणीच सांगितलं नाही, आणि बायकांच्या हातात आमच्याकडे अजून माईक देत नाहीत.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या मधल्या भावाची, दत्तादादाची बायको. आम्ही मूळचे पिंपरी पेंढारचे. थोरले अण्णा शेती आणि बैल बघायचे. दत्तादादाचं मन शेतात कधी रमलंच नाही, बांधावर उभं राहूनही तो शेजारच्याच्या इंजिनाचा आवाज ऐकत असायचा. वडिलांनी मंचरच्या पुढे, घोडनदीच्या पुलाअलीकडे महामार्गालगत जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. सातबारावर नाव थोरल्याचं. तिथं दादानं पत्र्याचं शेड ठोकून गॅरेज काढलं. वहिनी आधी दुपारचा डबा घेऊन यायची. मग डबा खाऊन होईपर्यंत थांबायची. मग बत्ती धरायला लागली, पाने ओळखायला लागली, आणि दोन वर्षांत असं झालं की दादा गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचा आणि हवा तो पाना त्यात पडायचा. तिला कान होता. इंजिन चालू असलं की भाजी निवडता निवडता म्हणायची, "अवो, तिसरं तोंड नीट पेटत न्हाई बघा." दादा खोटं खोटं चिडायचा, आणि तपासल्यावर तिसऱ्याचाच प्लग खराब निघायचा.

ती गाडी आमच्याकडे आली डिंभ्याहून. धरणाचं काम चालू असताना तिथं एक इंजिनीअरसाहेब होते. त्यांच्याकडे दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार होती. कधीकाळी ती लाल असावी, आमच्याकडे आली तेव्हा विटेसारखी झाली होती. इंजिन जाम झालेलं, सुटे भाग देशात कुठे मिळत नव्हते. साहेबांची बदली झाली, तेव्हा कागदांवर सही करून ते दादाला म्हणाले, "चालू केलीस तर तुझी." एवढं ऐकल्यावर दादा थांबतोय कुठला! महामार्गावर अपघातात मोडलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन त्यानं मिळवलं, जुन्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. ते त्या इवल्याशा पोटात बसवायला त्याला वर्ष लागलं. इंजिनाचे पाय बदलले, मधला पत्रा कापला, गिअरबॉक्सला नवीन पट्टी केली. सगळ्यात शेवटी धुराचं काम राहिलं. नव्या इंजिनाचं धूर सोडायचं तोंड चांगलं दोन इंची, आणि गाडीखालचा जुना सायलेन्सरचा पाइप त्याच्या निम्म्यानं. दादानं तात्पुरता जोड म्हणून एक नरसाळं वळवलं, रुंद बाजू इंजिनाला, निमुळती बाजू पाइपाला, आणि वेल्डिंग करून टाकलं. "मागनं बघू," म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली. मागनं बघायला तो राहिला नाही... पस्तिशीही गाठली नव्हती.

तेरावं होऊन महिनाही झाला नसेल, अण्णा पिंपरीहून आले. त्यांचा विचार ठरलेला होता. रस्ता रुंद होणार, जागेला किंमत येणार, तिथं दुकानांचे गाळे काढायचे आणि वहिनीनं गावी येऊन चार माणसांत राहायचं. वाईट हेतू होता असं मी आजही म्हणणार नाही. अण्णांच्या डोक्यात विधवा भावजयीसाठी एवढीच एक जागा होती, स्वयंपाकघर आणि गोठा यांच्या मधली. आणि लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मीही तिला तेच म्हणाले. मी डिंभ्याच्या वरच्या घाटातल्या एका वाडीवर शाळेत शिक्षिका होते, चार पुस्तकं वाचलेली होते, तरी म्हणाले, "वहिनी, सोड हा नाद. लोक काय म्हणतील?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी विसरलेले नाही. म्हणाली, "वन्सं, लोक तर आत्तापासनंच म्हणत्यात. मग गॅरेज चालवूनच म्हणू द्या की."

थोरल्या दिरासमोर आमच्यात बाई डोक्यावर पदर घेते आणि मान वर करून बोलत नाही. वहिनीनं पदर घेतला, मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "गॅरेज बंद व्हनार न्हाई." अण्णा चिडले. गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "दत्त्याचं हे भंगार वर्षभर हितं उभं हाय. त्याला जमलं न्हाई, तुला काय जमनार?" ती म्हणाली, "ही चालू केली तर?" अण्णा जातीचे गाडाशौकीन. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत त्यांची उभी हयात गेलेली. शर्यत म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. म्हणाले, "चालू करून काय? सपाटीला शेळीबी पळती. डिंभ्याच्या वरचा घाट चढवून दाखव. मी सोता शेजारी बसतो. वर पोचलीस तर गॅरेज तुझं, मी परत नाव काढनार न्हाई. न्हाई पोचलीस तर दुसऱ्या दिवशी कुलूप." चार पाहुण्यांसमोर हे बोलणं झालं. अण्णांचा स्वभाव कसाही असो, शर्यतीचा निकाल लागला की त्यावर परत तोंड उघडायचं नाही, हा एक नियम ते देवासारखा पाळायचे. म्हणूनच मला धडकी भरली. कारण हरली असती तर तोही निकालच होता.

तीन महिन्यांत तिनं इंजिन चालू केलं. गॅरेजासमोर ते झकास फिरायचं, मंचरच्या बाजारपेठेपर्यंत ती दोनदा जाऊनही आली. मग ठरलेल्या दिवशी अण्णा धोतर सावरत त्या ठेंगण्या गाडीत शिरले. त्यांच्या बाजूच्या दाराची आतली कडी मोडकी होती, ते दार फक्त बाहेरून उघडायचं. ते बसले की बसले. डिंभ्यापर्यंत गाडी ठीक आली. घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर तिचा जीव घुसमटायला लागला. जेवढा पाय दाबावा तेवढी ती मंद. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफा, खालून जळका वास, आणि गाडी बंद. मी वरून चालत खाली आले तेव्हा वहिनी मागच्या चाकाला दगड लावत होती आणि अण्णा आतून काचेवर टकटक करत होते. दार उघडल्यावर ते हसतच बाहेर आले. तिचं रडवेलं तोंड पाहून मात्र हसू जरा आवरलं. म्हणाले, "यात्रेपर्यंत टाइम देतो. पर यात्रेनंतर न्हाई." हे मात्र मान्य करायला हवं, पुढची दोन महिन्यांची मुदत त्यांनी आपणहून दिली. मग ते येणाऱ्या एसटीला हात करून निघून गेले.

गाडी ढकलत खाली आणायला वाडीवरची माणसं आली, पण वहिनी त्या दिवशी मंचरला परतली नाही, माझ्याकडे राहिली. जास्त पाय दाबला की गाडी गुदमरते हे आधी मंचरलाही जाणवलं होतं, आणि तिथल्या मिस्त्र्यांनी तिला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. कुणी कार्बोरेटर म्हणे, कुणी टायमिंग, कुणी सरळ इंजिनच खोटं आहे म्हणे. सगळं तिनं खोलून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठकूबाईच्या चुलीपाशी बसलो होतो. ठकूबाई म्हणजे माझी घरमालकीण, डोंगरातली, नाचणीची भाकरी हातावर थापणारी, साठीची काटक बाई. घरात धूर इतका कोंडला होता की आमचे तिघींचे डोळे गळत होते. मी वैतागून म्हणाले, "ठकूबाई, एवढी मोठी नवी चूल घातली तरी ही पेटत का नाही?" ती फुंकणी खाली ठेवत म्हणाली, "आगं, चूल केली मोठी, तीन लाकडांची. पर वरलं धुरांडं हाय तेवढंच ठिवलं ना लेकानं. धुराला जायला वाट न्हाई, मग इस्तू पेटंल कसा?"

वहिनीचा घास हातातच राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही ती विसरली. "वन्सं," ती म्हणाली, "नरसाळं..." मला वाटलं, आता ती आनंदानं उडी मारेल. पण ती गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. मला काही कळेना. मग तुटक तुटक बोलली. तो जोड तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता. एवढ्या मोठ्या इंजिनाचा धूर त्या निमुळत्या तोंडातून जातोय हे तिला कळत नव्हतं असं नाही, कळूनही तिनं तिकडे बघायचं टाळलं होतं. बाकी सगळं खोललं, तेवढं एक सोडून. कारण तो दादाच्या हातचा शेवटचा जोड होता. त्या वेल्डिंगवर त्याच्या हाताची वळणं दिसत होती... "त्येला हात लावायचा न्हाई, एवढंच मनानं धरलं व्हतं," ती म्हणाली, "आन त्येच माझा गळा दाबत व्हतं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मंचरला गेले. वहिनीनं गाडीखाली झोपून हॅक्सॉनं तो जोड कापला. मध्येच थांबायची, पुन्हा कापायची. कापून झाल्यावर नरसाळं तिनं फडक्यानं पुसलं. मी म्हणाले, "दादाच्या फोटोखाली ठेवू या." तर म्हणाली, "फोटोखाली ठिवून काय धूळ खात बसवायचंय?" आणि भिंतीला खिळा ठोकून ते तिथं अडकवलं. त्याच दिवशी एका टेम्पोत ऑइल भरताना तिनं ते काढलं, इंजिनाच्या तोंडाला लावलं आणि ऑइल ओतलं. इंजिनाचा धूर कोंडणारं नरसाळं, पण ऑइल ओतायला एक नंबर. पुढची सगळी वर्षं गॅरेजातल्या प्रत्येक गाडीत ऑइल त्यातूनच गेलं. दादाची आठवण तिनं अशी रोजच्या हाताला लावून घेतली. हार-उदबत्तीवाल्यांना ही भाषा कळायची नाही.

आता नवा पाइप. दोन इंची लोखंडी पाइप मिळाला, पण तो गाडीखालून मागच्या चाकांच्या दांड्यावरून वळवून न्यायचा, तर पाइप वाकवताना चपटा होतो. मग पाइपात वाळू गच्च भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे ठोकायचे आणि ज्योतीनं तापवून वाकवायचा. वाळू आत असली की पाइप दबत नाही. हे दादा करायचा, तिनं पाहिलेलं होतं. वाळू कुठे शोधायची? घोडनदी समोरच. आम्ही दोघींनी दोन पाट्या वाळू आणली, अर्धा दिवस उन्हात पसरली, वरून कोरडी ठणठणीत दिसली. गुट्ट्यासाठी बरोब्बर दोन इंची गोल लाकूड हवं होतं. वहिनीनं गॅरेजातलं पोळपाट-लाटणं काढलं, लाटण्याचा तुकडा कापला आणि हातोड्यानं आत ठोकला. मी लांब उभी होते म्हणून वाचले. पाइप लाल व्हायला लागला, आत वाळूतल्या ओलीची वाफ झाली, आणि तोफेसारखा आवाज होऊन तो लाटण्याचा तुकडा वरचा गंजका पत्रा भेदून आभाळात गेला. शेजारी कांद्याची वखार होती. थोड्या वेळानं तिथले म्हातारे शेठ तो तुकडा हातात घेऊन शांतपणे आत आले आणि म्हणाले, "बाई, हे लाटनं तुमचंच का?" आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. ही गोष्ट पार पिंपरीपर्यंत गेली, बायकांच्या गॅरेजातून लाटणी उडतात म्हणून लोकांनी खूप मजा केली. अण्णांनीही केली म्हणे.

दुसऱ्या वेळी तिनं वाळू कढईत घातली. यात्रेतला फुटाणेवाला वाळू कशी तडतडेपर्यंत भाजतो, तशी भाजली. हातात घेऊन गालाला लावून बघितली. मगच पाइपात भरली. पाइप असा वळला की बघत राहावं. मग सायलेन्सर. जुन्या डब्यात आत पडदे होते, धूर त्यांना आपटत आपटत जायचा, म्हणजे पुन्हा तीच कोंडी. तिनं तो टाकून दिला. सरळ आरपार पाइप, त्याला ड्रिलनं बारीक बारीक भोकं, भोवती रुंद नळकांडं, आणि मधल्या जागेत आवाज गिळायला काहीतरी तारेचं भरायचं. तिनं मंचरच्या आठवडे बाजारात जाऊन भांडी घासायच्या तारेच्या घासण्या घेतल्या. एका दुकानातल्या नाही, सगळ्या दुकानांतल्या. एका दुकानदारानं विचारलं, "वहिनी, लग्नकार्य हाय का?" ती म्हणाली, "न्हाई राव, एकच भांडं हाय, पर लई काळं झालंय." पाइपाच्या पहिल्या जोडाला वेल्डिंग करायला ती स्वतः बसली. आधीचा जोड दादाचा होता, हा तिचा होता. आणि मी सांगते, तिचा सरळ होता.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात अण्णा पुन्हा गाडीत बसले. मी तेव्हा वाडीवर शाळेत होते. दोघांना घेऊन गाडी येणार हे माहीत होतं, त्यामुळे त्या दिवशी मी पोरांना काय शिकवलं ते देवालाच ठाऊक. आधी काही नाही, नुसतं धरणावरचं वारं. मग खालून, घाटाच्या पहिल्या वळणावरून एक आवाज आला. दणदणीत, भरल्या गळ्याचा, मोठा बैल गोठ्यात हुंकारतो तसा. दुसऱ्या वळणावर तो डोंगराआड गेला. तिसरं वळण... तिथंच मागच्या वेळी ती थांबली होती. मी खिडकीचे गज धरून उभी. आवाज बारीक झाला, इतका बारीक की संपलाच असं वाटलं, आणि मग एकदम मोठा होऊन वरच्या कड्यावर आपटला. बाहेर ओट्यावर नाचणी पाखडणारी ठकूबाई सूप टाकून ओरडली, "आली! आगं मास्तरीन, आली!"

गाडी शाळेसमोर येऊन थांबली. वहिनीच्या डोक्यावर पदर होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं लावलेला. घाटभर थोरल्या दिराशेजारी बसून आली पण नजर मिळवायचा प्रश्न आला नाही, दोघांचीही नजर रस्त्यावरच होती. अण्णांचा चेहरा घामानं डबडबलेला. त्यांनी सवयीनं कडी चाचपली, कडी तुटलेलीच. वहिनी शांतपणे उतरली. हो, आयुष्यात तेवढ्या एका क्षणी ती शांत होती, हे मी कबूल करते. फिरून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडायच्या आधी काचेच्या फटीतून एक कागद आत सरकवला. "अण्णा, आधी ह्यो कागद," ती म्हणाली, "मग दार." स्टँपपेपर होता. गॅरेजची जागा इंदूबाईच्या ताब्यात राहील, असा मजकूर तिनं मंचरला लिहून घेतला होता. अण्णांनी आधी तिला, मग मला, मग सगळ्या बाईजातीला शिव्या दिल्या. "सुमे, तू आमची का हिची?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आज हिची." माझ्या सख्ख्या भावाला असं बोलले, पण मागे घेतलं नाही. अण्णांनी पेन मागितलं. सही करायच्या आधी स्वतःच्या हातानं दोन शब्द मध्ये घुसडले, "हयात असेपर्यंत." मग सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि ठकूबाईनं नाचणीच्या पिठानं माखलेला अंगठा उठवला. दार उघडल्यावर अण्णा चालत निघाले, तर वहिनी म्हणाली, "बसा की अण्णा, उताराला तर लई भारी पळती." आणि ते बसले!

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं तिनं ते गॅरेज चालवलं. चालवलं म्हणजे काय, महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना घाम फोडला. कुणी आत येऊन "मालक कुठाय?" विचारलं की ती गाडीखालूनच म्हणायची, "पाय दिसत न्हाईत का?" उलटून बोलली नाही म्हणे! उलटं बोलल्याशिवाय तिचा दिवस जात नव्हता. तिनं रेखा नावाच्या, नवऱ्यानं सोडलेल्या एका बाईला हाताशी घेतलं, पाने ओळखायला शिकवलं, आज ती रेखा इंजिन उतरवते. अण्णा कधी गॅरेजात आले नाहीत, पण त्यांचा ट्रॅक्टर दर सालाला बरोबर यायचा, ड्रायव्हरबरोबर, आणि पिशवीभर शेंगाही यायच्या. पत्र्याचं ते भोक तिनं कधी बुजवलं नाही. पावसाळ्यात खाली बादली ठेवायची. ती गाडी मात्र तिनं विकली नाही, कुणी कितीही विचारलं तरी. महिन्यातून एकदा ती घेऊन माझ्याकडे घाट चढून यायची, आणि गाडी घाटाला लागली की आवाजावरूनच वाडीला कळायचं. मग एके दिवशी रेखाचा फोन आला. दुपारी जेवून वहिनी खाटेवर आडवी झाली होती. टेम्पोवाला आला म्हणून रेखानं हाक मारली, तर... दुःख झालं, हे सांगायलाच हवं का? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जवळचं माणूस गेलं.

आणि आता त्या दशक्रियेकडे येते. घाटाच्या पायऱ्या चढून मी सरळ गॅरेजात गेले, नदीपासून दोनशे पावलांवर. गाडीवरचं कापड काढलं, बसले, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. मग मी पाय दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी तळापर्यंत. पत्रे थडथडायला लागले. खाली घाटावर माईकचं काय झालं ते मला रेखानं नंतर सांगितलं. पुढारी वाक्य अर्धं टाकून पुलाकडे बघायला लागले. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते, साठी ओलांडलेले, एका कानानं कमी ऐकणारे. त्यांनी मान वर केली आणि कुणाला तरी सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले, "आली."

तेराव्यानंतरच्या दिवशी अण्णांची दोन्ही मुलं, माझे भाचे, टेप घेऊन गॅरेजात आली. अण्णाही काठी टेकत आले होते. मोठा भाचा मापं लिहून घेत होता. मी म्हणाले, "कागद आहे." तो म्हणाला, "आत्या, कागदात हयात असेपर्यंत लिवलंय." खरं होतं. तेवढ्यात अण्णा काठीनं गाडीच्या चाकावर ठोकत म्हणाले, "ते म्या लिवलं व्हतं. पर पैज कशावर व्हती? गाडीवर व्हती. गाडी दहाव्याला बोलली, म्या नदीवर ऐकली. निकाल लागलेला हाय. टेप गुंडाळा." भाचे बापाकडे बघत राहिले. मला हुंदका आला, पण मी काही वहिनीच्या हाताखाली उगाच शिकले नव्हते. पर्समधून स्टँपपेपर काढला आणि म्हणाले, "अण्णा, आधी कागद." म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. या वेळी त्यात हयातीचा शब्द नव्हता. इथं गाड्या येतील तोवर गॅरेज राहील आणि रेखा ते चालवील, असं लिहिलं आहे.

ते सगळे गेल्यावर पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा बॉनेटवर येऊन थांबला होता. बाहेर एक टेम्पो उभा राहिला आणि त्याच्या ड्रायव्हरनं आत डोकावून विचारलं, "मालक कुठायत?" रेखानं मान वर केली नाही. खिळ्यावरचं नरसाळं काढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "बॉनेट उघड."